एक रसिक

रावपुऱ्याच्या टॉवरपासून आमचे घर चालत पाच मिनिटांवर आहे. बाहेरगावच्या वाचकांना सांगावे लागेल की, 1896 मध्ये उभा राहिलेला हा घड्याळाचा मनोरा मूळचा ‘चिमणाबाई टॉवर’. तिसऱ्या सयाजीराव महाराजांच्या पहिल्या पत्नी, तंजावरहून सासरी आलेल्या चिमणाबाई, ऐन तारुण्यात निवर्तल्या. हा मनोरा त्यांचे स्मारक. महाराजांचा दुसरा विवाह 1885 मध्ये देवासच्या घाटगे घराण्यातील गजराबाईंशी झाला आणि बडोद्यात आल्यावर त्यांचेही नाव चिमणाबाई झाले. म्हणजे मनोरा बांधला गेला तेव्हा त्याच नावाच्या दुसऱ्या महाराणी दहा वर्षे संसार करीत होत्या. पुढे 1927 मध्ये पुण्याला भरलेल्या अखिल भारतीय महिला परिषदेच्या पहिल्या अधिवेशनाच्या त्या अध्यक्ष होत्या. मोठ्या कर्तृत्वाच्या बाई. परंतु भर रस्त्यात घड्याळाला जे नाव आहे ते त्यांचे असूनही त्यांचे नव्हे.

आम्ही उभयता या रस्त्याने चाळीस वर्षांहून अधिक काळ जात-येत आहोत. यातली बोच आमच्यापैकी एकीला पहिल्यापासून कळत होती. दुसऱ्याला ती पन्नाशीपर्यंत कळली नाही. हा लेख त्या उशिराविषयी आहे.

येथे ‘आम्ही’ असे लिहिले आहे तो संपादकीय थाट नव्हे. आधी एकाने ‘मी’ म्हणून लिहावयास घेतले होते. ते कागद वाचून दुसरी म्हणाली, “ही तुमची बाजू झाली.” मग तिने लिहून पाहिले, तर ती कैफियत झाली. तेव्हा दोघांना मान्य असेल तेवढेच लिहावे असे ठरले. आमच्यापैकी एक बँकेत नोकरीला होता आणि अठरा वर्षे गावातील एका लहानशा संगीत मंडळाचा कार्यवाह होता. दुसरी गाणारी. वाचकांच्या सोयीसाठी ‘कार्यवाह’ आणि ‘गाणारी’ हीच नावे येथे योजतो.

बडोद्याला कलेच्या आश्रयाची परंपरा मोठी. दरबारात ‘कलावंत कारखाना’ या नावाचे एक खातेच होते. कारखाना म्हणजे जुन्या दरबारी भाषेत खाते, हे अनेकांना ठाऊक असेल. गवई, बीनकार, सारंगिये, तंजावरच्या नर्तकी या साऱ्यांची तेथे नोंद असे, वेतन असे, हजेरी असे. 1886 मध्ये मौलाबक्षांच्या देखरेखीखाली येथे गायनशाळा निघाली. 1916 मध्ये पंडित भातखंड्यांच्या पुढाकाराने पहिली अखिल भारतीय संगीत परिषद भरली तीही बडोद्यातच. आफताब-ए-मौसिकी फैयाज खाँसाहेब दरबारगायक म्हणून येथे राहिले आणि 1950 मध्ये येथेच त्यांचा अंत झाला. त्याच्या आदल्याच वर्षी, 1949 मध्ये, संस्थान विलीन झाले होते. राजाश्रय संपला आणि लोकाश्रय आला. लोकाश्रय म्हणजे आकाशवाणी, विद्यापीठ आणि आमच्यासारखी मंडळे. पावतीपुस्तक, वार्षिक वर्गणी, आजीव सभासद, भाड्याचे सभागृह, आणि पहिल्या रांगेत देणगीदारांसाठी राखून ठेवलेल्या खुर्च्या.

हॉटेलचा खर्च मंडळास परवडत नसे. म्हणून पाहुणे कलावंत आमच्या माडीवरच्या खोलीत उतरत. पहाटे बंबातले पाणी, कुणाला बिनसाखरेचा चहा, कुणाला रात्री बारा वाजता गरम वरणभात, हे सारे गाणारी करी. साथीला तंबोऱ्यावर बसणारी मुलगी आयत्या वेळी आली नाही तर हात धुऊन, पदर नीट करून तीच मागे जाऊन बसे. ती सूरसागराकाठच्या संगीत महाविद्यालयात शिकलेली होती. 1982 मध्ये आमचे लग्न झाले त्या वर्षी तिने शेवटची परीक्षा दिली होती. गाणे कुणी सोडावयास लावले नाही. सासूबाईंनी नाही, कार्यवाहाने तर नाहीच. ते फक्त रोज थोडे थोडे मागे सरकत गेले. मुलगी झाली, तिची शाळा, सासऱ्यांचे आजारपण, मंडळाचे पाहुणे. एके दिवशी तंबोऱ्याच्या गवसणीवर धूळ दिसली आणि ती झटकून गवसणी पुन्हा चढवली गेली, इतकेच.

2001 मध्ये मुलगी शिकण्यासाठी पुण्याला गेली आणि घर एकाएकी मोठे झाले. लग्नाला एकोणीस वर्षे झाली होती. आम्ही भांडत नव्हतो. उलट, एका कामावर नेमलेल्या दोन अनुभवी माणसांसारखे आमचे छान चालले होते. चहा, बिले, मंडळाची पत्रे, कुणाकडचा वाङ्‌निश्चय. ‘सुखी जोडपे’ म्हणून आमचे नाव घेतले जाई आणि ते खोटेही नव्हते.

त्या काळात एक संवादिनीवादक दरवर्षी आमच्याकडे येत. गायक बदलत, पण साथीला बहुधा तेच. आमच्याहून सहा-सात वर्षांनी मोठे, विधुर, अबोल. एकदा गाणारी पोळ्या लाटता लाटता काही गुणगुणत होती. ते जिन्यावरून उतरले, स्वयंपाकघराच्या उंबऱ्याशी थांबले आणि म्हणाले, “वहिनी, ही बंदिश कुणाकडून मिळाली? अंतरा जरा वेगळा वाटतो.” दुसऱ्या दिवशी सकाळी कार्यवाह सभागृहाचे भाडे चुकते करण्यास गेला असता, ते पेटी घेऊन उंबऱ्याबाहेर पाटावर बसले आणि ती आत ओट्याशी उभी राहून गायली. पुढची तीन वर्षे मैफलीनंतरच्या सकाळी असा एक तास होत असे. अधूनमधून त्यांचे पोस्टकार्ड येई. त्यात एखाद्या रागाविषयी दोन ओळी, शेवटी ‘आपणां उभयतांस नमस्कार’. अशी पाच कार्डे आली. ती उघडीच असत आणि कार्यवाहाने ती सगळी वाचली होती.

वावगे काहीही घडले नाही. पण काहीच घडले नाही, असे म्हणणेही आम्हांस आज बरोबर वाटत नाही. डिसेंबर जवळ आला की गाणारीचा आवाज आपोआप मोकळा होई. कार्यवाहास ते दिसे. हेवा करावा असे तर काही नाही आणि हेवा तर वाटतो, अशी त्याची अवस्था झाली. वयाच्या पंचविशीत माणूस अशा वेळी भांडतो, रडतो, निदान विचारतो. अठ्ठेचाळिसाव्या वर्षी त्याने दुसरेच केले. मंडळाच्या पुढील वर्षाच्या यादीतून त्याने त्या वादकांचे नाव काढले. कार्यकारिणीस सांगितले, “प्रवासखर्च फार होतो, साथीदार स्थानिक घ्यावा.” कुणी प्रश्न विचारला नाही. आश्रय देणाऱ्याच्या हाती हीच मोठी सत्ता असते. त्याला कुणाला शिक्षा करावी लागत नाही, फक्त बोलावणे पाठवायचे नसते.

त्यानंतर दुसरी गोष्ट. 2003 च्या डिसेंबरात त्याने मंडळातर्फे ‘स्थानिक कलावंत’ म्हणून गाणारीची मैफल ठरवली. ती प्रथम नको म्हणाली, मग चार महिने पहाटे उठून तिने मेहनत केली. खर्चाचा प्रश्न निघाला तेव्हा कार्यवाहाने सभेत सांगितले की, नाव न छापण्याच्या अटीवर एका रसिकाने 15,001 रुपये दिले आहेत. मैफल बरी झाली. पहिल्या रांगेतील मंडळींनी माना डोलावल्या, शाल झाली, नारळ झाला. आवाज वरच्या षड्जाशी दोनदा डळमळला, पण बावीस वर्षांनी गाणाऱ्या बाईला लोक सांभाळून घेतात. ती त्या रात्री फार आनंदात होती. कार्यवाहास वाटले, त्या पेटीवाल्याने उंबऱ्यावर दिले त्याहून आपण पुष्कळ अधिक दिले.

मार्चअखेर मंडळाची कीर्द-खतावणी मिळवण्याचे काम आम्ही दोघे मिळून करीत असू. 2004 च्या मार्चमध्ये ती पावत्यांची स्थळप्रत वाचत होती, तो आकडे मांडत होता. एका पावतीवर ‘एक रसिक’ एवढेच लिहिलेले, पत्ता नाही. तिने पावतीची तारीख पाहिली आणि थोडा वेळ थांबली.

“ओट्यासाठी ठेवलेली मुदतठेव मोडली ती याच आठवड्यात ना?”

कार्यवाह गप्प राहिला.

“तुम्ही म्हणाला होतात, गवंड्याने भाव वाढवलाय, ओटा पुढच्या वर्षी करू.”

“अगं, तुझ्यासाठीच केलं ना?”

“म्हणजे टाळ्यासुद्धा तुम्हीच विकत आणल्या होत्या,” ती म्हणाली आणि पावतीपुस्तक मिटून आत गेली.

दुसऱ्या दिवशी तंबोऱ्यावर पुन्हा गवसणी चढली. कामापुरते बोलणे चालू राहिले, कारण ते बंद करण्याची रीत आमच्या घरात नाही. पण पुढचे दोन महिने ते घर होते असे आम्हांला आठवत नाही. कार्यवाहास खरोखरच समजत नव्हते की, आपण दिले यात चुकले काय? त्याला वाटे, स्वतःचे पैसे होते, स्वतःची बायको होती, हेतू चांगला होता. तिला वाटे, ज्या चार महिन्यांत आपल्याला कुणीतरी गाण्यासाठी बोलावले आहे असे वाटत होते, ते चार महिने कुणी बोलावलेच नव्हते.

मे महिन्यात एके दुपारी बाहेरगावचे एक स्नेही आले. कार्यवाहाची एक आवडती गोष्ट होती, ती त्याने त्यांना सांगितली. आमच्याकडे येणाऱ्या प्रत्येकाने ती ऐकली आहे. एकोणिसाव्या शतकाच्या अखेरीस बडोद्याच्या दरबारात गाणारे तरुण अब्दुल करीम खाँ, त्यांच्याकडे शिकणारी माने सरदारांच्या घरची मुलगी ताराबाई, दोघांचे जुळलेले मन, आणि आश्रय, मान, मरातब सारे मागे टाकून दोघांनी बडोदे सोडणे. येथे कार्यवाह नेहमी थांबत असे आणि ऐकणारा ‘वा!’ म्हणत असे.

गाणारी पन्ह्याचे पेले घेऊन आली होती. ती म्हणाली, “पुढचं का नाही सांगत? गोष्ट तिथे संपत नाही.”

पुढचे तिनेच सांगितले. वीसेक वर्षांच्या संसारानंतर, 1922 मध्ये, ताराबाई पाचही मुलांना घेऊन खाँसाहेबांच्या घरातून बाहेर पडल्या. मुलांनी वडिलांचे नाव लावले नाही. थोरले सुरेशबाबू माने झाले. मिरजेत जन्मलेल्या हिराबाईंनी आईच्या गावाचे नाव घेतले आणि त्या बडोदेकर झाल्या. गाणे मात्र त्या मुलांनी सोडले नाही, तेही किराणा घराण्याचेच. पुढे हिराबाई तिकीट लावलेल्या जाहीर मैफलींत गायल्या. तिकीट काढून आलेला माणूस ऐकायलाच येतो. तो बाईला बिदागीच्या पाकिटातून उपकृत करायला येत नाही.

“ज्या बाईनं गाण्यासाठी दरबार सोडला,” ती म्हणाली, “तिनं पुढे गाणाऱ्यालाही सोडलं. तुम्ही पहिलंच सोडणं सांगता. दुसरं जास्त अवघड असणार.”

ताराबाईंच्या मनात काय होते हे आम्हांला ठाऊक असण्याचे कारण नाही. त्यांचे दुःख त्यांचे होते, त्यावरून आमच्या घरास शहाणपण मिळावे म्हणून ते घडले नव्हते. पण स्नेही गेल्यावर त्या दुपारी आम्ही, बहुधा लग्नानंतर प्रथमच, सलग तीन तास बोललो.

कार्यवाहाने यादीतून नाव काढल्याचे सांगून टाकले. ती रागावेल, रडेल, निदान त्या माणसाची बाजू घेईल, अशी त्याची अपेक्षा होती. तिने विचारले, “दोन वर्षं?”

“दोन.”

“म्हणजे त्यांची दोन वर्षांची बिदागी बुडवलीत. त्यांचं घर त्यावर चालतं, हे माहीत आहे ना तुम्हांला?”

हे त्याच्या ध्यानातच आले नव्हते. आपल्या मनाच्या दुखण्यात दुसऱ्याच्या पोटाचा प्रश्न असू शकतो, हा विचार आश्रय देणाऱ्यास सहसा शिवत नाही.

मग त्याने विचारायचे ते विचारले. तिने बराच वेळ घेतला. “होतं,” ती म्हणाली. “खोटं कशाला सांगू? पण ते माणसावर होतं, की कुणीतरी ऐकतंय यावर होतं, ते मला ठरवता आलं नाही. त्यांनी कधी ‘छान’ म्हटलं नाही. अंतरा चुकला की पेटी थांबवायचे.” थोड्या वेळाने म्हणाली, “अहो, अठरा वर्षांत तुम्ही किती मैफली ऐकल्यात?”

“सगळ्या. शंभराच्या वर.”

“एकही नाही. तुम्ही दारात उभे असता. कोण आलं, कोण उठलं, माइकचं काय, पंखा कुणावर येतोय. माझ्या मैफलीतसुद्धा तुम्ही दारातच होतात. मी वर बघितलं, तेव्हा तुम्ही खुर्च्या मोजत होता.”

हे खरे होते. त्या रात्री तिने काय गायले हे कार्यवाहास कार्यक्रमपत्रिका पाहिल्यावाचून सांगता आले नसते. त्याने खर्च केला होता, व्यवस्था केली होती, गर्दी जमवली होती. ऐकले तेवढे नव्हते.

आश्रय ही वाईट गोष्ट आहे असे आमचे म्हणणे नाही. तो नसता तर गायनशाळा नसती, परिषद भरली नसती, आणि आमच्या मंडळाच्या सतरंजीवर कुणी पाय ठेवला नसता. कलावंताला वेळेवर वेतन मिळावे, ही लहान गोष्ट नव्हे. परंतु देणाऱ्याला आपण दिले हे दिसत राहते आणि हळूहळू तेवढेच दिसू लागते. संसारात पंचेचाळिशीनंतर हेच होत असावे. एकाने पगार आणला, दुसरीने घर राखले. दोघांच्याही खतावणीत जमेच्या बाजू भरलेल्या. दोघेही एकमेकांचे आश्रयदाते, आणि समोरचा काय गातो आहे हे दोघांनाही ठाऊक नाही. ‘दोघांनाही’ हा शब्द गाणारीच्या आग्रहाने घातला आहे. कार्यवाहाला लहानपणी चित्रे काढण्याचा नाद होता आणि तो का सुटला, हे तिनेही त्या दुपारपर्यंत कधी विचारले नव्हते.

त्या वर्षी जूनमध्ये त्याने कार्यवाहपद सोडले. सोडण्यापूर्वी कार्यकारिणीपुढे एक ठराव ठेवला, तो मंजूर झाला आणि संवादिनीवादकांस पत्र गेले. मागच्या दोन वर्षांचे कारण मात्र त्याने मंडळाच्या पत्रात न घालता स्वतःच्या हाताने वेगळ्या पोस्टकार्डावर लिहिले. उत्तर दोन ओळींचे आले. तारीख सोयीची आहे आणि ‘आपणां उभयतांस नमस्कार’. पुढे 2009 पर्यंत ते दरवर्षी येत राहिले आणि आमच्याच माडीवर उतरत राहिले. मैफलीनंतरच्या सकाळी उंबऱ्याबाहेर आता दोन पाट मांडलेले असत. पहिल्या वर्षी त्या दुसऱ्या पाटावर बसणे कार्यवाहास जड गेले, हे नमूद करणे आवश्यक आहे. दुसऱ्या वर्षीही गेलेच. पुढे त्यांचे येणे प्रकृतीमुळे थांबले आणि 2011 मध्ये ते गेले. ती पाच पोस्टकार्डे गाणारीच्या वहीत आहेत. सहावे, कार्यवाहाला आलेले, त्याच वहीत आहे.

जाहीर मैफल तिने पुन्हा केली नाही. ‘तिच्या गाण्याला अखेर न्याय मिळाला’ असा शेवट वाचकांना आवडला असता, पण तसे झाले नाही. बावीस वर्षे बंद असलेला गळा पुन्हा पूर्वीसारखा होत नाही, हे तिला आमच्यापैकी कुणाहीपेक्षा अधिक समजत होते. ओटा मात्र पुढच्या वर्षी झाला.

राहिला तो सायंकाळचा एक तास. ती गाते, तो ऐकतो. अटी तिच्या. दारात उभे राहावयाचे नाही, सतरंजीवर बसावयाचे. फोन घेऊन बसावयाचे नाही. ‘वा’ म्हणावयाचे नाही. प्रारंभी काही महिने त्याला हे ऐकणे म्हणजे शिक्षा वाटे. मन बँकेत जाई, खुर्च्या मोजू लागे. हळूहळू तो तिचा श्वास कुठे तुटतो ते ओळखू लागला, कोणत्या दिवशी गुडघा दुखतो आहे ते तिच्या बसण्याआधी स्वरावरून कळू लागले. लग्नाच्या बाविसाव्या वर्षी सुरू झालेले हे काम आज वीस वर्षांनंतरही चालूच आहे. आम्ही दोघेही आता वृद्ध म्हणावे असे झालो आहोत. गाण्यातील त्याचे ज्ञान आजही बेताचेच आहे.

परवा गाणे झाल्यावर आम्ही नित्याप्रमाणे टॉवरपर्यंत चालत गेलो. परतताना तिने विचारले, “आज वरचा षड्ज लागला का हो?”

कार्यवाह असता तर त्याने सांगितले असते, ‘अगं, सुरेख लागला.’

तो म्हणाला, “नाही. जरा खाली राहिला.”

“हो ना? मलाही तसंच वाटलं,” ती म्हणाली आणि हसली. मग आम्ही घरी आलो.